वर्गखोली बंद असताना वर्गप्रतिनिधी

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बेळगाव येथे भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



न्यासाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा वडीलधाऱ्यांनी घ्यावा आणि आम्ही मुलांनी तो ऐकावा, अशीच खरे तर रीत आहे. परंतु या मेळाव्यात काही वेळ विद्यार्थ्यांस द्यावा असे विश्वस्तांनी ठरविले, आणि २०२०-२१ या वर्षी दहावीच्या वर्गाचे प्रतिनिधी असलेल्या आम्हां दोघांस बोलण्याची आज्ञा झाली. हे भाषण आम्ही दोघांनी एकत्र बसून लिहिले आहे, म्हणून त्यात ‘मी’ नाही, ‘आम्ही’ आहे. आज आम्ही पदवीच्या वर्गात शिकतो. त्या वर्षाकडे आता थोडे दुरून पाहता येते, आणि जे पाहिले ते आपणांपुढे सरळ शब्दांत ठेवावे एवढाच आमचा हेतू आहे.

वर्गप्रतिनिधी म्हणजे काय, हे येथील प्रत्येकास ठाऊक आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी हे काम केलेही असेल. खडूची पेटी आणायची, फळा पुसायचा, हजेरीपुस्तक कार्यालयात पोचवायचे, सहलीची वर्गणी गोळा करायची, स्नेहसंमेलनात खुर्च्या मांडायच्या, आणि तास रिकामा असला की फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावे लिहायची. आमच्या शाळेत दरवर्षी जूनमध्ये मुलांतून एक व मुलींतून एक असे दोन प्रतिनिधी चिठ्ठ्या टाकून निवडले जात. कामात मान होता, थोडा रुबाबही होता. जबाबदारी मात्र वर्गाच्या चार भिंतींपुरतीच असे. त्या भिंतीच नाहीशा झाल्या तर हे काम उरते की नाही, हा प्रश्न तोवर कोणास पडला नव्हता.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. २५ मार्चपासून साऱ्या देशात टाळेबंदी सुरू झाली. आमची नववीची शेवटची परीक्षा झालीच नाही. आम्ही सर्व वरच्या वर्गात गेलो. संकट एका गावावर वा एका राज्यावर आलेले नव्हते. युनेस्कोच्या नोंदीप्रमाणे त्या वसंतात जगातील १९० हून अधिक देशांत शाळा-महाविद्यालये बंद होती आणि सुमारे दीडशे कोटी विद्यार्थी घरी बसले होते.

घरी बसून शाळा चालविण्याची कल्पना मात्र अगदी नवी नव्हे. १९३७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील शिकागो शहरात पोलिओची साथ आली आणि शाळा उघडणे लांबले. तेव्हा तेथील शिक्षकांनी आकाशवाणी केंद्रांवरून पाठ दिले, त्या दिवशीचा अभ्यास वर्तमानपत्रांत छापला, आणि शंका विचारण्यासाठी दूरध्वनीची सोय केली. घरी रेडिओ नसलेली मुले तेव्हाही मागे पडली होती. साधन बदलले, काळ बदलला, पण ज्याच्या घरी साधन नाही त्याचे काय, हा प्रश्न तसाच राहिला. आमच्या वर्षाची सारी कथा या एका प्रश्नाभोवती फिरते.

आमच्या राज्यात पहिले काही महिने धांदलीचे गेले. लहान वर्गांचे ऑनलाईन तास बंद करावेत असा आदेश शासनाने जूनमध्ये काढला. ८ जुलै रोजी उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. जुलैतच दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर हायस्कूलच्या मुलांसाठी पाठ सुरू झाले. आमच्या शाळेत गुरुजनांनी व्हॉट्सॲपवर वर्गाचा गट केला आणि सकाळी दोन तास मोबाईलवरून शिकवू लागले. प्रतिनिधी निवडण्याचा प्रश्न त्याच वेळी पुढे आला.

वर्गशिक्षकांची पहिली सूचना अशी होती, की ऑनलाईन तासालाच नावे घ्यावीत आणि मुलांनी हात वर करून मत द्यावे. सूचना सोयीची होती. परंतु त्या तासाला जी मुले पोचतच नव्हती, त्यांनी मत कोठे द्यावे? मोबाईल असलेल्यांनीच निवडलेला प्रतिनिधी हा मोबाईल असलेल्यांचाच प्रतिनिधी होणार. एका मुलीने हे बाईंच्या लक्षात आणून दिले आणि बाईंनी ते तत्काळ मानले. पुढे पाठ्यपुस्तके नेण्यासाठी मुले व पालक ठरावीक वेळी थोडेथोडे करून शाळेत आले, तेव्हा ओसरीवर एक रिकामा डबा ठेवला गेला. प्रत्येकाने पुस्तके घेतली आणि चिठ्ठी डब्यात टाकली. काही मुले भातलावणीला गेली होती. त्यांच्या चिठ्ठ्या घडी घालून त्यांच्या आयांनी आणल्या. ही निवडणूक पुरी व्हायला चार दिवस लागले. पण वर्गातील सर्व ४३ मुलांची मते पडली. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मतदानाच्या समान हक्काचा धडा आहे. आमच्यापुरता तो धडा त्या डब्यापाशी शिकून झाला.

निवडून आल्यावर करावयाचे काय? खडू नव्हता, फळा नव्हता, रांग नव्हती. बाईंनी आम्हांस एकच काम सांगितले: “कोणाकडे काय आहे ते मला खरे कळू द्या.” आम्ही दोघांनी आठ दिवस फोन करून, आणि जेथे फोन नव्हता तेथे तोंडाला मुसके बांधून दारात उभे राहून, माहिती गोळा केली. ४३ पैकी १७ मुलांना सकाळी स्मार्टफोन वापरता येत होता. १५ घरांत असा एकच फोन होता आणि तो वडिलांबरोबर वा थोरल्या भावाबरोबर कामावर जाई. मुलांच्या हाती तो रात्री पडे. ८ घरांत साधा फोन होता, आणि ३ घरांत कसलाच नव्हता. म्हणजे सकाळच्या तासाला ज्याला ‘वर्ग’ म्हणत होते तो आमच्या वर्गाचा निम्माही भाग नव्हता.

ही स्थिती आमच्याच शाळेची होती असे नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ‘असर’ या पाहणीने ग्रामीण भारतातील घरांची माहिती घेतली. शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ साली ३६.५ टक्के होते, ते दोन वर्षांत ६१.८ टक्क्यांवर गेले होते. तरीही पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले सुमारे एकतृतीयांशच होती. पाठ्यपुस्तके मात्र दहांपैकी आठांहून अधिक मुलांपाशी होती. या आकड्यांतून आम्ही असे समजलो, की घरात फोन असणे ही एक गोष्ट आहे आणि त्यातून शिक्षण मिळणे ही दुसरी. आणि संकटात शेवटी हाताशी राहिले ते जुने छापील पुस्तकच.

येथे आपल्या न्यासाचा संबंध येतो. आमची यादी बाईंनी विश्वस्तांकडे नेली. त्या बैठकीत झालेली चर्चा आम्ही ओसरीवर बसून ऐकली, आणि ती येथे सांगण्यास विश्वस्तांची परवानगी आहे. काही ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे पडले, की शिष्यवृत्ती द्यावी, वह्या द्याव्यात, पण मुलांच्या हाती मोबाईल देणे म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. दुसऱ्यांचे म्हणणे असे, की तहान आज लागली असताना विहिरीचा विचार उद्या करून चालणार नाही. दोन्ही बाजूंस तथ्य होते. अखेर एका वयोवृद्ध विश्वस्तांनी मधला मार्ग काढला. ते म्हणाले, “आपले वाचनालय पुस्तक दान देत नाही, उसने देते. फोनही तसाच द्यावा.” सभासदांच्या घरी पडून असलेले ७ जुने फोन दुरुस्त करून घेण्यात आले आणि ४ नवे घेतले. वाचनालयाच्या जुन्या नोंदवहीतच पुस्तकांच्या नावांखाली फोनांचे क्रमांक लिहिले गेले. ज्यांच्याकडे साधा फोन वा काहीच नव्हते अशी ११ मुले या योजनेत आली.

एका अटीसाठी आम्ही दोघांनी आग्रह धरला. मदत घेणाऱ्यांची नावे वा छायाचित्रे अहवालात छापू नयेत, अशी विनंती आम्ही केली. आजवर वह्यावाटपाची छायाचित्रे काढली जात. त्यांत देणाऱ्याचा हात दिसतो तसाच घेणाऱ्याचा चेहराही दिसतो. दहावीतील मुलाला तो चेहरा उद्या वर्गात घेऊन बसायचे असते. विश्वस्तांनी ही विनंती मान्य केली. या स्मरणिकेतही आपणांस ती नावे आढळणार नाहीत. न्यासाच्या पन्नास वर्षांतील हा लहानसा निर्णय आम्हांस फार मोठा वाटतो, कारण त्यामुळे मागण्यास लाजणारी दोन घरे पुढे आली. ती घरे कोणती, हे त्या नोंदवहीबाहेर कोणासही ठाऊक नाही.

फोन मिळाले म्हणून वर्ग भरला असे झाले नाही. ज्या गावांत पाऊस लागला की वीज जाते, तेथे फोन बंद पडे. खानापूरच्या रानाकडील भागातून येणारी तीन मुले आपापल्या गावी अडकली होती. तेथे आवाज तुटक येई आणि चित्र तर येतच नसे. म्हणून आम्ही वर्गाचे गल्लीवार आणि गाववार नऊ गट पाडले आणि प्रत्येक गटास एक प्रमुख नेमला. तासाला पोचलेल्याने त्या दिवशीचे टिपण सुवाच्य अक्षरात लिहावे. शनिवारी ती टिपणे एकत्र करून त्यांच्या झेरॉक्स प्रती काढाव्यात. आणि त्या त्या गल्लीतील किराणा दुकानात ठेवाव्यात, अशी व्यवस्था ठरली. सामान आणायला प्रत्येक घरचे कोणीतरी दुकानी जातेच. साखरेच्या पुड्याबरोबर बीजगणिताचे टिपणही घरी जाऊ लागले. दुकानदार काकांनी याचे एक पैसाही घेतले नाहीत. उलट एखाद्या घरचे टिपण दोन आठवडे पडून राहिले तर ते आपण होऊन आम्हांस निरोप देत.

तो निरोप महत्त्वाचा असे. पूर्वी आम्ही फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहीत होतो. आता जे बोलत नाहीत त्यांची नावे शोधणे हेच आमचे काम झाले. जो तासाला येत नाही, टिपण नेत नाही, गटात लिहीत नाही, त्याच्या घरी काहीतरी घडले आहे असे समजावे आणि दोन दिवसांत चौकशी करावी, असा नियम आम्ही केला. चौकशी करताना “का आला नाहीस?” असे विचारायचे नाही, “तुझे टिपण आणून देऊ का?” असे विचारायचे, एवढे पथ्य बाईंनी घालून दिले होते. पहिल्या प्रश्नाला मुले खोटे उत्तर देत. दुसऱ्याला खरे देत.

खरे उत्तर पुष्कळदा कठीण असे. आपल्या वडगाव, खासबाग, शहापूर भागांत मागावर पोट असलेली किती घरे आहेत हे आपण जाणता. मागाची खटखट थांबली तेव्हा त्या घरांतील मुले भाजीच्या गाड्यावर, गॅरेजात, गवंड्याच्या हाताखाली गेली. आमच्या वर्गातील एक मुलगा असाच कामाला लागला होता. त्याला फोन नको होता, वेळ हवा होता. मग त्याच्या गटाने तास रात्री आठनंतर भरविण्याचे ठरविले. साध्या फोनवरून चार-पाच जण एकदम जोडले जातात. त्यात एकाने धडा वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचे. तो मुलगा दिवसभर विटा वाहून येई आणि रात्री इतिहास ऐकत असे. आम्ही या शाळेला ‘रात्रशाळा’ म्हणत होतो.

ऑगस्ट २०२० मध्ये शासनाने ‘विद्यागम’ हा उपक्रम सुरू केला. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे, ज्यांच्याकडे साधा फोन आहे आणि ज्यांच्याकडे काहीच नाही, असे मुलांचे गट करून गुरुजनांनीच वस्तीत जाऊन शिकवावे, ही त्यातील कल्पना. देवळाच्या सभामंडपात, समाजमंदिरात, झाडाखाली अंतर ठेवून वर्ग भरू लागले. आमच्या गल्लीवार याद्या तयारच होत्या. त्यांचा उपयोग झाला. कित्येक महिन्यांनी फळा दिसला तेव्हा मुलांना किती आनंद झाला हे शब्दांत सांगता येणार नाही. पण रोगाची लागण शिक्षकांत व मुलांत होऊ लागल्याच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबरात शासनास तो उपक्रम थांबवावा लागला. आम्ही पुन्हा किराणा दुकानाकडे वळलो.

आता प्रतिनिधी म्हणून जो अवघड भाग होता, त्याविषयी थोडे बोलावेसे वाटते. वर्गप्रतिनिधी हा गुरुजनांचा माणूस की मुलांचा, हा जुनाच पेच आहे. त्या वर्षी तो फार तीव्र झाला. दोन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण कॅमेऱ्याचे. मुलांनी कॅमेरा चालू ठेवावा, नाहीतर ती अंथरुणात लोळत ऐकतात, असे काही शिक्षकांचे म्हणणे होते, आणि ते अगदीच खोटे नव्हते. परंतु एका खोलीच्या घरात एका कोपऱ्यात आजी आजारी असते, दुसऱ्या कोपऱ्यात आई स्वयंपाक करीत असते. मुलीने कॅमेरा लावायचा तो कोणत्या कोपऱ्याकडे? आम्ही मुलींची बाजू शिक्षकांच्या बैठकीत मांडली. त्याचबरोबर मुलांनाही सांगितले, की कॅमेऱ्यातून सूट हवी असेल तर हजेरीचा दुसरा पुरावा द्यावा लागेल. शेवटी असे ठरले, की हजेरी चेहऱ्यावरून न घेता वहीवरून घ्यावी. दर शनिवारी वहीच्या पानाचे छायाचित्र पाठवावे. ज्यांना तेही शक्य नाही त्यांनी वही दुकानात ठेवावी. हा नियम मुलांना जड गेला. पण तो सर्वांना सारखा होता, म्हणून टिकला.

दुसरे उदाहरण परीक्षेचे. घरी बसून चाचणी द्यायची म्हटल्यावर उत्तरे एका फोनवरून दुसऱ्यावर जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. एका शिक्षकांनी आम्हांस विचारले, की कोण कोणास उत्तरे पाठवितो हे तुम्ही सांगाल काय? त्याच दिवशी दोन मित्रांनी विचारले, की उत्तरांचा गुप्त गट तुम्ही चालवाल काय? आम्ही दोघांसही नम्रपणे नाही म्हटले. वर्गाने आम्हांस निवडले होते ते हेरगिरीसाठी नव्हे, आणि गुरुजनांनी विश्वास ठेवला होता तो फसविण्यासाठी नव्हे. पण नुसते नाही म्हणून प्रश्न सुटत नाही. आम्ही मुलांचीच एक सभा घेतली आणि तीतून आलेली सूचना शिक्षकांपुढे ठेवली: प्रश्न असे घालावेत की ज्यांचे उत्तर दुसऱ्याचे चालणार नाही. मग समाजविज्ञानात ‘तुमच्या गल्लीतील पाणी कोठून येते ते लिहा’ असा प्रश्न आला. गणितात ‘घरच्या एका महिन्याच्या किराण्याचा हिशेब मांडा’ असा आला. नक्कल सर्वस्वी थांबली असे आम्ही म्हणणार नाही. पण कित्येक मुलांनी प्रथमच स्वतःचे म्हणून काही लिहिले, आणि ती उत्तरे वाचताना गुरुजनांनाही मुलांची घरे कळली.

१ जानेवारी २०२१ रोजी दहावीचे वर्ग पुन्हा शाळेत सुरू झाले. पहिल्या दिवशी ३८ मुले आली, आठवड्यात आणखी चार आली. एक मुलगी आली नाही. तिचे आईवडील कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते. तिचा फोन लागेनासा झाला, शाळेने लिहिलेल्या पत्राचे उत्तर आले नाही, शेजाऱ्यांनाही पत्ता ठाऊक नव्हता. ती चांगली शिकणारी होती, तिचे अक्षर वर्गात सर्वांत सुंदर होते, आणि पहिली पाच टिपणे तिनेच लिहिलेली होती. हजेरीपुस्तकात तिच्या नावापुढे महिनाभर गैरहजेरी पडत राहिली. उत्सवाच्या प्रसंगी ही गोष्ट सांगावी की नाही याचा आम्ही विचार केला. पण ४३ मधून एक वजा झाला, तो आकडा लहान दिसतो म्हणून सांगितलाच नाही, तर आम्ही कसले प्रतिनिधी?

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली आणि शाळा पुन्हा बंद झाल्या. ते दिवस आपण सर्वांनी भोगले आहेत; त्यांचे वर्णन नको. आमच्या वर्गातील एका मुलाचे वडील मे महिन्यात गेले. दुःखात भेटायला जाता येत नव्हते. वर्गगटात शोकसंदेशांची रीघ लागेल आणि त्या मुलाच्या फोनवर दिवसभर घंटा वाजत राहील, हे ध्यानात घेऊन आम्ही सर्वांस विनंती केली, की कोणी काही लिहू नये. त्याच्या गटातील एकानेच रोज संध्याकाळी त्याला फोन करावा, आणि तो बोलेल तेवढेच ऐकावे. हे महिनाभर चालले. न्यासाने दिलेल्या अकरा फोनांपैकी नऊ वर्षअखेर धडधाकट परत आले, एकाची काच फुटून आला, आणि एक आला नाही. तो या मुलाच्या घरी आहे. नोंदवहीत त्या क्रमांकापुढे ‘परत मागू नये’ असा शेरा विश्वस्तांनी स्वहस्ते लिहिला आहे.

दहावीची परीक्षा अखेर १९ आणि २२ जुलै २०२१ अशी दोन दिवसांत झाली. पहिल्या दिवशी गणित, विज्ञान आणि समाजविज्ञान. दुसऱ्या दिवशी तिन्ही भाषा. उत्तराच्या पर्यायापुढील वर्तुळ काळे करायचे, अशी पद्धत होती. एका बाकावर एक आणि एका खोलीत फार तर बारा, अशी बैठक होती. राज्यात साडेआठ लाखांहून अधिक मुले परीक्षेस बसली, त्यांत आमच्या वर्गाची ४२ होती. दिवसभर विटा वाहणारा तो मुलगाही त्यात होता. तो आज विजेच्या कामाचे शिक्षण पुरे करून स्वतःच्या पायावर उभा आहे.

बंधूंनो आणि भगिनींनो, या वर्षातून आम्ही काय शिकलो? एक तर असे, की वर्ग म्हणजे खोली नव्हे. कोण आले नाही हे जेथे लक्षात येते तो वर्ग. दुसरे असे, की प्रतिनिधीला अधिकार फार थोडा असतो, पण माहिती पुष्कळ असते. ती कोणाला सांगायची आणि कोणापासून राखायची हे कळणे यातच त्याचे सारे काम आहे. तिसरे असे, की साधन येते आणि जाते. रेडिओ झाला, दूरदर्शन झाले, मोबाईल झाला. उद्या आणखी काही येईल. प्रत्येक वेळी ते काही घरांत आधी येणार आणि काही घरांत शेवटी, किंवा येणारच नाही. मधले अंतर कोणीतरी पायी चालून भरून काढावे लागते.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात आम्ही न्यासापुढे तीन विनंत्या ठेवतो. पहिली, फोनांची ती नोंदवही बंद करू नये. साथ संपली तरी गरज संपलेली नाही. आता महाविद्यालयांचे प्रवेशअर्ज आणि शिष्यवृत्तीचे अर्जही संगणकावरच भरावे लागतात. वाचनालयात दोन संगणक आणि ते समजावून देणारे एक माणूस असावे. दुसरी, मदत घेणाऱ्याचे नाव न छापण्याची जी प्रथा त्या वर्षी पडली, ती न्यासाच्या नियमांत लेखी यावी. तिसरी आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची: कामासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांतील मुलांची एक स्वतंत्र वही न्यासाने ठेवावी. जाताना त्यांचा नवा पत्ता घ्यावा, आणि ज्या गावी ती जातात तेथील आपल्या लोकांस कळवावे. आपला समाज बेळगावात आहे, गोव्यात आहे, बडोद्यास आहे, इंदूरला आहे, हैदराबादेत आहे. लग्न जमवायचे असले तर या साऱ्या गावी आपल्या ओळखी निघतात. मग शाळा सुटलेल्या एका मुलीचा पत्ता लावायला त्या ओळखी का निघू नयेत?

त्या मुलीचे नाव आम्ही विश्वस्तांकडे लेखी दिले आहे. नव्या वहीचे पहिले पान तिच्यासाठी ठेवावे, एवढेच आमचे मागणे आहे.